पाणी कोयनेचं, एरर सांगलीत

सांगलीचा माणूस पावसाळ्यात आभाळाकडे बघून पुराचा अंदाज बांधत नाही. तो आयर्विन पुलाखालची पाणीपातळी बघतो आणि विचारतो, ‘कोयनेतून किती सोडलंय?’ गावात ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. पाटण तालुक्यात सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि कित्येक तासांनी सांगलीत पोचतं. ४५ फुटांची धोक्याची पातळी असलेल्या या पुलाशी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हापासून तर हा प्रश्न लहान पोरंही विचारतात. संगणकाच्या एका भुताटकीत मी मात्र तो विचारायचा विसरलो.

मामांची हळदीची अडत सांगलीच्या मार्केट यार्डात. हिशेबाचा प्रोग्राम तिथल्या संगणकावर आणि मी साताऱ्यात. संध्याकाळी पट्ट्या तपासायला मी रिमोट डेस्कटॉपने तिकडे शिरतो. म्हणजे प्रोग्राम चालतो सांगलीतच; माझ्याकडे येतं ते फक्त पडद्याचं चित्र आणि इथून जातात ती बटणं आणि माउसच्या हालचाली. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सातारा-सांगलीच्या सव्वाशे किलोमीटरला त्याला एक हजारांश सेकंदही लागत नाही, त्यामुळे अंतर जाणवतच नाही.

पण प्रोग्राम उघडताना मध्येच एक चौकट यायची: ‘ॲप्लिकेशन एरर’. खाली एक आकडा: सी, मग सहा शून्यं, मग पाच. कधी सलग तीन दिवस काही नाही, कधी एका संध्याकाळी चार वेळा. मी दिवाणजींना फोन लावायचो. ते तिथल्या खुर्चीत बसून तोच प्रोग्राम उघडायचे आणि म्हणायचे, ‘‘दादा, हितं तर चालतंय की. तुमीच काय तरी करताय.’’

मग सुरू झाले उपाय. राउटर बंद-चालू केला, दोन दिवस बरे गेले. अँटिव्हायरस बदलला, आठवडा बरा गेला. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. दर वेळी वाटायचं, जमलं! कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडत होती, एवढंच.

तो आकडा खरं तर बरंच सांगत होता. प्रोग्रामने स्मृतीतल्या अशा पत्त्यावर हात घातला, जिथं जायची त्याला परवानगी नाही, असा त्याचा अर्थ. बहुतेकदा तो पत्ता शून्य किंवा त्याच्या आसपासचा असतो. ‘इथं काहीच नाही’ हे सांगायला प्रोग्राममध्ये रिकामा पत्ता ठेवायची सोय टोनी होअर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये केली आणि २००९ मध्ये ‘ही माझी अब्ज डॉलरची चूक’ अशी जाहीर कबुलीही दिली. पत्ता रिकामा आहे का हे न तपासता प्रोग्राम तिथं गेला, की विंडोज त्याची मानगूट धरते. त्यासाठीच तिने सुरुवातीचा ६४ केबीचा पट्टा मोकळा राखलेला असतो.

पण पत्ता कधीमधीच रिकामा का? इथं दिवाणजींची वही कामी आली. ते आवक-जावक मिनिटासह लिहितात. त्यांचं बघून मीही सांगलीच्या संगणकातली इव्हेंट व्ह्यूअरची नोंद सेकंदासह उतरवायला लागलो: लॉगिन कधी, प्रोग्राम कधी, एरर कधी. पंधरवड्यात चित्र उघडं पडलं. लॉगिन होताच घाईने प्रोग्राम उघडला की एरर. लॉगिन करून चहा आणायला उठलो की सगळं सुरळीत.

त्या वेळात घडत काय होतं? जोडणी झाली की माझ्या साताऱ्याच्या टेबलावरचा प्रिंटर सांगलीच्या संगणकाला ‘तुझाच’ म्हणून दाखवला जातो, म्हणजे तिथलं काम इथं छापता येतं. ही जोडाजोड पडदा दिसल्यानंतरही काही सेकंद मागे चालूच असते. आणि आमचा प्रोग्राम उघडताक्षणी पट्टीच्या कागदाचं माप मुख्य प्रिंटरला विचारतो. प्रिंटरची अदलाबदल चालू असताना विचारलं, तर उत्तर येतं रिकामं. पुढचं होअरसाहेबांनी सांगितलेलंच आहे. दिवाणजींच्या बाजूला डॉट मॅट्रिक्स कायमचा जोडलेला, त्यांना एरर दिसणार कुठून?

अशा चुकीला संगणकशास्त्रात ‘रेस कंडिशन’ म्हणतात: दोन कामांची शर्यत, आणि कोण आधी पोचतं त्यावर निकाल. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये संगणक बंद का पडतात यावरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, शोधायला गेलं की गायब होणाऱ्या चुकांसाठी ‘हायझेनबग’ हा शब्द वापरला. आमचा बग अस्सल त्याच जातीचा. दिवाणजींना फोनवर धरून, एकेक पायरी बोलत, सावकाश उघडायला गेलो की तो कधीच यायचा नाही. तपासणीतच प्रिंटरच्या जोडाजोडीला हवा तेवढा वेळ मिळायचा.

चौकट सांगलीत दिसायची म्हणून मी सहा महिने सांगलीचाच संगणक खोलत होतो. उपाय साताऱ्यात होता: जोडणीच्या खिडकीतल्या ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये ‘प्रिंटर्स’समोरची बरोबरची खूण काढली. प्रोग्राम लिहिणाऱ्याने रिकाम्या उत्तराची तपासणी घातली असती तर तेही नको होतं, पण ते आपल्या हातात नाही.

तेव्हापासून चौकट आलेली नाही. फक्त परवा रात्री सवयीने मी इथून ‘प्रिंट’ दाबलं आणि पाचच मिनिटांत दिवाणजींचा फोन आला. ‘‘दादा, कुलूप लावत हुतो. मशीन एकटंच कर्रकर्र करून पट्टी काढाय लागलंय. ठेवू का फाडू?’’