उन्हाळ्याची कालचौकट आणि किशोरवयीन प्रेमकादंबरीचे वाचन : ‘सेव्हन्टीन्थ समर’च्या संदर्भात

प्रस्तावना

किशोरवयीन वाचकांसाठीच्या इंग्रजी कादंबऱ्यांमध्ये ‘उन्हाळी प्रेमकथा’ हा एक ठळक उपप्रकार आहे. एका सुट्टीत जुळणारे आणि बहुधा सुट्टीबरोबरच कसोटीला लागणारे पहिले प्रेम हा त्याचा विषय होय. हे लेखन रंजनपर मानून महाविद्यालयीन अभ्यासाबाहेर ठेवण्याकडे कल असतो. तथापि या प्रकारात ऋतू ही केवळ पार्श्वभूमी नसते, तर कथानकाला आकार देणारे तत्त्व असते. मॉरीन डेली (१९२१–२००६) यांच्या ‘सेव्हन्टीन्थ समर’ (१९४२) या अमेरिकन कादंबरीच्या आधारे हे तत्त्व प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

कालचौकटीचे स्वरूप

डेली यांनी ही कादंबरी महाविद्यालयात शिकत असताना लिहिली. किशोरांसाठीची कादंबरी हा स्वतंत्र वर्ग प्रकाशनव्यवसायात तेव्हा स्थिर झालेला नव्हता. पुढे मात्र या परंपरेच्या आरंभीच्या कृतींत तिची गणना होऊ लागली. विस्कॉन्सिन राज्यातील फाँड दु लॅक या सरोवराकाठच्या गावात ती घडते. शाळा नुकतीच संपवलेली अँजी मॉरो आणि बेकरीवाल्याचा मुलगा जॅक डुलूथ यांची ही कथा अँजीच याच निवेदनातून उलगडते. जून, जुलै आणि ऑगस्ट असे तिचे तीन भाग आहेत. उन्हाळा संपताच अँजी शिक्षणासाठी शिकागोला जाणार, हे ठरलेले आहे. त्यामुळे प्रत्येक भेटीला दोन मोजमापे लाभतात : ओळख होऊन किती दिवस झाले आणि आता किती उरले.

येथे मराठी वाचकाने एक सांस्कृतिक भेद ध्यानी घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील उन्हाळा म्हणजे वैशाखवणवा आणि पावसाची प्रतीक्षा. अमेरिकेच्या उत्तर भागात मात्र दीर्घ, बर्फाळ हिवाळ्यानंतर येणारा उन्हाळा हा अल्पकाळचा सुखद ऋतू असतो. भारतीय काव्यसंकेतात जे स्थान वसंताचे, त्याच्या जवळचे स्थान तेथे उन्हाळ्याचे आहे. हा भेद न जाणता वाचल्यास शीर्षकातील भावार्थच हरवतो.

वाचनाच्या तीन जागा

पहिली जागा जेवणाच्या प्रसंगाची. जॅक अँजीच्या घरी जेवायला येतो, तेव्हा त्याच्या जेवण्याच्या रीतीने ती मनोमन ओशाळते. अँजी या भावनेला सामाजिक स्तराचे नाव देत नाही. ते वाचकाने ओळखायचे असते. निवेदिका जे जाणते त्यापलीकडचे वाचणे हे कौशल्य येथे आपसूक घडते.

दुसरी जागा लोरेन या मोठ्या बहिणीची. तिच्या प्रेमसंबंधात तिच्या वाट्याला उपेक्षा येते. हे उपकथानक मुख्य कथेशेजारी ठेवल्याने प्रेमाची दुसरी, असुरक्षित बाजू उपदेशाविना पुढे येते.

तिसरी जागा शेवटाची. जॅक लग्नाचा विषय काढतो. अँजी तो स्वीकारत नाही आणि आगगाडीने निघून जाते. रूढ प्रेमकथा मीलनात पूर्ण होते. ही निरोपात पूर्ण होते. प्रेम खरे होते आणि तरीही ते संपू शकते, या दोन्ही गोष्टी वाचकाला एकत्र मान्य कराव्या लागतात.

मराठीच्या संदर्भात

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) येथे तुलनेस उपयुक्त ठरते. आणीबाणीच्या काळातील नववीतल्या मुलाचे प्रेम तेथे शाळेच्या वर्षात आकार घेते. सुट्टी मोकळीक देते, तर शाळा नजरा आणि नियम देते. चौकट बदलताच प्रेमाचे रूपही बदलते. विद्यार्थ्यांनी दोन्ही कृती शेजारी ठेवून वाचल्यास काळ आणि कथानक यांचा संबंध त्यांना अनुभवातून समजतो.

निष्कर्ष

सुट्टीत अशी कादंबरी वाचणारा विद्यार्थी निवेदन, कालरचना आणि शेवट यांविषयी नकळत बरेच काही शिकलेला असतो. ‘हे साहित्य नव्हे’ या एका वाक्याने त्याचे ते शिक्षण वर्गाबाहेरच राहते आणि पुढे तो आपले वाचन शिक्षकांपासून लपवू लागतो. या कादंबरीतील सर्वच भाग सारख्या ताकदीचे आहेत असे नाही. पण तिच्या उणिवा दाखविण्याचा अधिकार ती आधी लक्षपूर्वक वाचल्यानेच प्राप्त होतो. म्हणून अध्यापकाने ‘हे का वाचतोस?’ याऐवजी ‘ही कथा उन्हाळ्यातच का घडते?’ असे विचारणे अधिक फलदायी ठरेल.