दंडावरचा सेन्सर आणि योजनांची चौकट

मधुमेहाच्या उपचारात गेल्या दहा वर्षांत जे बदल झाले, त्यांत रक्तातील साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरचे स्थान फार वरचे आहे. परंतु हा सेन्सर ज्यांना सर्वाधिक उपयोगी पडतो, त्या इन्शुलिनवर जगणाऱ्या रुग्णांपैकी गरीब कुटुंबांतील रुग्णांना तो परवडत नाही, आणि सार्वजनिक आरोग्य योजनांच्या सध्याच्या रचनेत त्याला जागा सापडत नाही. सोलापूरसारख्या शहरात, जिथे हजारो कुटुंबांचा संसार यंत्रमागावर आणि स्त्रियांच्या विड्या वळण्याच्या मजुरीवर चालतो, तिथे ही अडचण पैशाइतकीच प्रशासकीय चौकटीचीही आहे.

या उपकरणाचे काम समजून घेतल्याशिवाय त्याच्या खर्चाचा विचार करता येत नाही. दंडाच्या मागच्या बाजूस चिकटवलेल्या नाण्याएवढ्या चकतीतून एक बारीक, लवचीक तंतू त्वचेखाली जातो आणि तो रक्तात नव्हे, तर पेशींच्या मधल्या द्रवात असतो. तंतूवरील ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर त्या द्रवातील ग्लुकोजशी अभिक्रिया करते, तिच्यातून अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि त्या प्रवाहावरून साखरेचे प्रमाण काढून दर एक ते पाच मिनिटांनी मोबाईलवर अथवा वाचकयंत्रावर दाखवले जाते. रक्तातील बदल या द्रवात उतरायला काही मिनिटे लागत असल्याने साखर वेगाने खाली येत असताना सेन्सरचा आकडा किंचित मागे राहतो, म्हणून शंका आली की बोट टोचून खात्री करावीच लागते. तरीही बोटातून रक्त काढून दिवसातून चार वेळा मिळणारे चार आकडे आणि रात्रंदिवस मिळणारा सलग आलेख यांत मोठा फरक आहे, कारण पहाटे तीन वाजता झोपेत साखर किती खाली गेली होती, हे चार आकड्यांतून कळत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणीही इथे अपुरी पडते. ज्याची साखर कधी पन्नास तर कधी तीनशे असते, त्याची सरासरीही ठाकठीक दिसू शकते. म्हणूनच २०१९ सालच्या आंतरराष्ट्रीय सहमतीने दिवसातील किती वेळ साखर ७० ते १८० मिलिग्रॅमच्या टप्प्यात राहिली, या मोजमापाला महत्त्व दिले आणि बहुतेक प्रौढांसाठी हा वेळ ७० टक्क्यांहून अधिक असावा, असे ठरवले. उपवासाची साबुदाण्याची खिचडी आणि रोजची ज्वारीची भाकरी यांचा साखरेवर होणारा वेगवेगळा परिणाम अशा आलेखावर रुग्णाला स्वतःच पाहता येतो.

भारतातील मधुमेहाचा आवाका प्रचंड आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष १०.१ कोटी मधुमेही असल्याचे सांगतात. या सर्वांना सरकारी खर्चाने सेन्सर द्यावा, अशी मागणी कोणी केली तर ती टिकणार नाही आणि टिकूही नये, कारण त्यांतील बहुसंख्य दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे आहेत, त्यांच्यापैकी अनेकांचे गोळ्यांवर भागते, आणि गोळ्यांवरच्या रुग्णाला कायम सेन्सर लावून होणारा लाभ त्या खर्चाच्या मानाने थोडा आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची गोष्ट निराळी आहे. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, हा आजार बहुधा बालपणी अथवा तरुणपणी उघडकीस येतो, आणि बाहेरून इन्शुलिन मिळाले नाही तर रुग्ण जगत नाही. मिळालेले इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त झाले तर साखर धोकादायकरीत्या उतरते, कमी पडले तर रक्तात आम्ल साचून कीटोअॅसिडोसिस ही जीवघेणी अवस्था येते. सार्वजनिक पैशावर पहिला हक्क सांगता येईल तो या मुलांना.

नेमकी हीच मुले योजनांच्या फटीत सापडतात. असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला, त्यात मधुमेहाची मोफत तपासणी होते, पण ती तिशीपुढील लोकांची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघरला झाला आणि तो अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे; पण त्यात ठरवलेल्या तीस आजारांच्या मूळ यादीत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे नाव नव्हते. राहिली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी ती ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम लागू झाली, त्यांत सोलापूर होते, त्यामुळे या जिल्ह्याला योजनेचा सर्वांत जुना अनुभव आहे. २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आणि संरक्षणाची मर्यादा पाच लाख रुपये झाली. मात्र योजनेचा गाभा रुग्णालयात दाखल होणे हा आहे: आजार ठरतो, त्याचे पॅकेज ठरते, रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि हिशेब मिटतो. कीटोअॅसिडोसिसने बेशुद्ध झालेल्या मुलाच्या उपचाराचा खर्च अशा चौकटीत सहज बसतो; ती वेळ येऊ नये म्हणून घरी दर पंधरवड्याला लागणारी वस्तू बसत नाही, कारण तिला दाखल होण्याची तारीख नसते आणि घरी सोडण्याचीही नसते.

म्हणून फुले योजनेच्या पॅकेजांत सेन्सर घालण्याचा आग्रह धरण्यापेक्षा, आजन्म पुरवठ्याच्या ज्या वाटा सरकारने आधीच तयार केल्या आहेत, त्यांच्याकडे पाहणे अधिक शहाणपणाचे ठरेल. एचआयव्हीची औषधे १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून मोफत आणि नियमित दिली जातात. २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून गरीब रुग्णांचे डायलिसिस होते. हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त गोठवणारा घटक सरकारी रुग्णालयांतून मिळतो. यांतील कोणताही आजार एका पॅकेजमध्ये संपणारा नाही. देशात याच मार्गाने सेन्सरपर्यंत पोचलेले उदाहरण केरळचे आहे: तिथल्या सामाजिक सुरक्षा मिशनने २०१८ साली सुरू केलेल्या ‘मिठाई’ योजनेत पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलांना इन्शुलिन, पंप आणि सतत मोजणी करणारी उपकरणे देण्याची तरतूद केली गेली.

परदेशांतही ही दारे एकदम उघडलेली नाहीत. फ्रान्सने २०१७ साली सेन्सरचा खर्च विम्यातून देण्यास आरंभ केला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने त्याच वर्षी तो यादीत घेतला, परंतु स्थानिक मंडळांनी आपापले निकष लावल्याने एका गावी मिळणारा सेन्सर शेजारच्या गावी मिळेना, आणि पहिल्या प्रकारच्या सर्व प्रौढांना तो देऊ करावा, अशी स्पष्ट मार्गदर्शक सूचना येण्यास २०२२ साल उजाडले. ऑस्ट्रेलियाने २०१७ साली एकवीस वर्षांखालील रुग्णांपासून सुरुवात करून २०२२ च्या जुलैत पहिल्या प्रकारच्या सर्वांना सवलत दिली. फ्रान्समधील ७४ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सेन्सर मिळाल्यानंतरच्या वर्षी पहिल्या प्रकारच्या रुग्णांचे कीटोअॅसिडोसिससाठी दाखल होणे निम्म्याहून अधिक घटल्याचे आढळले. ही तुलना त्याच रुग्णांच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची आहे, सेन्सर न मिळालेल्या गटाशी केलेली नाही, हे ध्यानात ठेवूनही अर्थखात्यापुढे मांडण्याजोगा याहून सरळ पुरावा क्वचितच मिळेल.

आता पैशाचा हिशेब. चौदा दिवस चालणाऱ्या एका सेन्सरला बाजारात साधारण चार ते पाच हजार रुपये पडतात, वर्षाला सव्वीस सेन्सर लागतात, म्हणजे एका मुलामागे लाख-सव्वा लाख रुपये. विड्यांच्या मजुरीत हा खर्च बसण्याचा प्रश्नच येत नाही. विडी कामगारांच्या कल्याणासाठी गोळा होणारा उपकरही वस्तू व सेवा करामुळे २०१७ साली बंद झाला. शंभर मुलांचा गट धरला तर बाजारभावाने वर्षाला सुमारे एक कोटी सतरा लाख रुपये लागतील. हा आकडा जिल्हा नियोजन समितीपुढे एकदम ठेवला तर प्रस्ताव परत येण्याचीच शक्यता जास्त. परंतु राज्याचे वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण २०२३ च्या कायद्याने अस्तित्वात आले आहे, एकत्रित खरेदीत दर उतरतात. शिवाय वर्षभर सलग सेन्सर न देता इन्शुलिनची मात्रा बसवताना, वारंवार साखर उतरत असताना, अशा निवडक वेळी वर्षातून चार सेन्सर दिले तरी त्याच शंभर मुलांचा खर्च अठरा लाखांवर येतो. खंडित वापराचा लाभ सलग वापराइतका नसतो, हे खरे. तरीही डॉक्टरांच्या हाती निदान काही पंधरवड्यांचा पूर्ण आलेख येतो.

सेन्सरसोबत आणखी काही खर्च येतात, आणि प्रस्तावांत ते सहसा विसरले जातात. सोलापूरच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात घामाने चकतीचा चिकटपणा सुटतो, त्यामुळे वरून लावायची पट्टी लागते आणि मुदतीआधी निघालेल्या सेन्सरची बदली गृहीत धरावी लागते. घरात एकच मोबाईल असेल आणि तो वडिलांसोबत कारखान्यात जात असेल, तर मुलासाठी स्वतंत्र वाचकयंत्र हवे. बोट टोचण्याच्या पट्ट्या बंद करता येत नाहीत. मुख्य म्हणजे आलेख वाचून इन्शुलिन किती युनिट कमी-जास्त करायचे, हे आईला मराठीत, आणि शहराच्या पूर्व भागात तेलुगूत, समजावून सांगणारी प्रशिक्षित व्यक्ती लागते. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सर्वोपचार रुग्णालयात बालरोग आणि औषधवैद्यक हे दोन्ही विभाग असल्याने असे केंद्र उभारण्याची नैसर्गिक जागा तीच आहे. पण मधुमेह-शिक्षकाचे पद आणि जिल्ह्यातील अशा मुलांची नावनिशीवार नोंदवही या दोन गोष्टी पहिल्या सेन्सरच्या खरेदीआधी मंजूर व्हाव्या लागतील.