फळ्यावरचा भाव कोण लिहितो?

परभणी, सेलू किंवा मानवत येथील बाजारात कापसाचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांस भाव कसा घडतो हे निराळे सांगावयास नको. गाडीतून मूठभर कापूस उपसून बोटांनी धागा ओढून पाहणारे खरेदीदार पुष्कळ असतात. परंतु त्यांतील एखाद्या मुरलेल्या व्यापाऱ्याने बोली वाढविली की बाकीच्यांच्या माना तिकडे वळतात व भाव चढू लागतो. त्याने कोणास काही समजावून सांगितलेले नसते. त्याची बोली हीच बातमी होय.

आमच्या जिल्ह्यात रेसचे मैदान नाही. जुन्या राजधानीत, हैदराबादेस, ते मलकपेठेत आहे. १९५६ पासूनच्या राजधानीत, मुंबईस, ते महालक्ष्मीला आहे. तेथे बुकीच्या फळ्यावर घोड्यापुढे जो भाव लिहिलेला असतो, तो म्हणजे बुकीचे स्वतःचे मत, अशी बहुतेक सुशिक्षितांची समजूत असते. वस्तुतः प्रथम लिहिलेला आकडाच काय तो त्याचा. पुढचे आकडे त्याच्याकडून इतरांनी लिहवून घेतलेले असतात.

हे कसे, ते थोड्या हिशेबाने पाहू. चार घोडे सारख्याच तोलाचे आहेत असे धरले, तर न्याय्य भाव एकास तीन. बुकी देतो एकास अडीच. चौघांवर दोनदोनशे रुपये लागले, तर जमा आठशे. जिंकणाऱ्यास मुद्दलासह सातशे दिले की शंभर रुपये गल्ल्यात राहतात. घोडा कोणताही जिंको! इतक्यात एकाने येऊन पहिल्या घोड्यावर दोन हजार लावले. आता तो घोडा आला तर देणे सात हजार सातशे आणि जमा अवघी अठ्ठावीसशे. तेव्हा बुकी त्या घोड्याचा भाव उतरवितो, इतरांचा चढवितो, आणि थोडा भार दुसऱ्या बुकींकडे उतरवून मोकळा होतो.

पण रकमेपेक्षा माणूस महत्त्वाचा. एखाद्या हौशी धनिकाने हजारो रुपये उधळले तरी अनुभवी बुकी फळ्यास हात लावण्याची घाई करीत नाही. उलट जो बारा महिने पहाटे घोड्यांची फेरी पाहतो, वजने, जॉकी व जमीन यांचे टिपण ठेवतो, त्याने दोनशे लावले तरी खडू हालतो. कित्येक बुकी अशा जाणकारास दारातूनच परत पाठवितात. जे अधिक शहाणे, ते त्याची पैज मर्यादेत घेतात. तिच्यावर हरलेले पैसे ही त्यांच्या दृष्टीने शिकवणीची फी असते. जाणकारही हे ओळखून असतो. तो परक्या हातांनी पैसे लावतो. प्रसंगी नको त्या घोड्यावर थोडे लावून हव्या त्या घोड्याचा भाव चढवून घेतो.

या लपंडावाचा एक मासला आयर्लंडमधील आहे. २६ जून १९७५ रोजी बेलुस्टाउन येथे बार्नी कर्ली नामक गृहस्थाने आपल्या ‘यलो सॅम’ या घोड्यावर देशभरच्या दुकानांतून थोडेथोडे पैसे लावविले. दुकानांतील पैज मैदानावरील शेवटच्या भावाने चुकवावी लागे. म्हणून धोका दिसताच मैदानावर निरोप धाडून तेथला भाव पाडणे हाच दुकानदारांचा उपाय. परंतु मैदानावर सार्वजनिक टेलिफोन एकच, आणि कर्लीचा साथीदार मरणोन्मुख मावशीशी बोलत असल्याचे सोंग करून तो अडवून बसला होता. मागे खोळंबलेल्यांना म्हणे त्याची दयाच आली! घोडा एकास वीस या भावाने जिंकला. कर्लीस तीन लाख पौंडांहून अधिक मिळाले. बातमी अडली म्हणून भाव अडला.

टोटमध्ये बुकी नसतो; सर्वांचे पैसे एकत्र करून, क्लबचा व सरकारचा वाटा काढून, उरलेले विजेत्यांत वाटतात. तेथेही तोच न्याय. हाँगकाँग येथे बिल बेंटर याने १९८० नंतरच्या दशकांत संगणकाच्या साहाय्याने शर्यतींचे गणित बसविले. पण लोकांच्या पैशांनी बनलेला भावही तो आपल्या गणितात घेई. सामान्यांच्या पैजांतूनही शिकण्याजोगे असते ते शिकून घेणारा हा प्रतिस्पर्धी!

याच्या उलट मटका. त्याचा जन्म कापसातला, म्हणून आम्हांस तो जवळचा. न्यूयॉर्कच्या कापसाचे उघडते व बंद होते भाव तारेने मुंबईस येत, त्यांच्या आकड्यांवर पैसे लागत; ते १९६१ साली थांबल्यावर चिठ्ठ्या व पत्ते आले. दहा आकडे, मिळणार एकास नऊ. तेथे भाव हालत नाही. कारण चिठ्ठी सचोटीने निघाली तर तिच्याविषयी कोणीच काही जाणत नाही. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावणाऱ्याचा दहांतला एक जातो, अधिक नाही.

मटक्यास नाक मुरडणारी आमची मंडळी रेसला मात्र बुद्धीचा खेळ म्हणतात, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला आहे. तो खराच आहे. मात्र ती बुद्धी कोणाची, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी तरुणास अवश्य विचारावे. तो दुपारी वर्तमानपत्रातील भाकित वाचून खिडकीशी पोहोचतो, तेव्हा अडीचाचा दीड झालेला असतो. आणि ज्या घोड्यांचे भाव अजून चढे दिसतात, ते जाणकारांनी पाहून सोडून दिलेले असतात.