हप्त्याची वाट

डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात, येथे नागपुरातच, विधान परिषदेत संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तींचा विषय निघाला असता, पीएच.डी. करून ही मुले असा कोणता दिवा लावणार आहेत, अशा अर्थाचा उद्गार तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांच्या तोंडून गेला, आणि त्यावर वृत्तपत्रांत व्हायचा तो गदारोळ होऊन मागाहून सारवासारवही झाली. उद्गार उपरोधाचा असला तरी प्रश्न म्हणून तो टाकाऊ नव्हता. इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भाषा आणि वाङ्मय यांचा अभ्यास करणाऱ्यांना सरकारी तिजोरीतून आजवर काय मिळाले, कोणत्या रीतीने मिळाले आणि त्यातून काय निपजले, याचा जमाखर्च निदान विदर्भापुरता तरी मांडून पाहावा, असे, उभा जन्म महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवून आता नागपूरजवळ बेसा येथे निवृत्तीचा काळ घालवणाऱ्या माझ्यासारख्याला वाटले, तर त्यात नवल नाही.

विद्वानाला राज्याने पोसावे ही कल्पना मराठी मुलुखाला नवी नाही. पेशव्यांच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलातही चालू राहिली. १८४९ साली पुण्यातील सुधारकांनी अर्ज करून त्या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांकडे वळवण्याची मागणी केली, आणि पुढे त्याच पैशातून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले, ज्यांत रानडे आणि भांडारकर हे दोघेही होते. परंतु हे सारे पुण्याचे. ज्या सार्वजनिक द्रव्यसाहाय्याने या देशातील समाजशास्त्रीय विचाराला खरे वळण लागले ते बडोद्याहून आले. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर करून कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तेथे त्यांनी अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास आणि मानववंशशास्त्र हेही विषय घेतले. तेथून ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत सरताच, १९१७ साली, चालू अभ्यास टाकून त्यांना परतावे लागले. राहिलेले काम पुरे करण्यासाठी सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापकी करून पगारातून पैसा साठवावा लागला, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज घ्यावे लागले, तेव्हा कोठे १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठता आले. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आपला प्रबंध १९२५ साली छापताना तो त्यांनी सयाजीरावांनाच कृतज्ञतापूर्वक अर्पण केला, ही त्यांची थोरवी. तथापि शिष्यवृत्ती देणाऱ्याचे वर्ष आणि अभ्यासाचे वर्ष ही दोन पंचांगे कधी जुळत नाहीत, याचा दाखला शंभर वर्षांपूर्वीच मिळून गेला होता.

नागपूरकडे वळावे, तर येथील जुनी पिढी शिष्यवृत्तीवर जगलीच नाही. ती पगारावर जगली. रायबहादूर हिरालाल हे मध्य प्रांताचे सरकारी अधिकारी. प्रांतातील शिलालेखांची त्यांची वर्णनात्मक यादी आणि रसेल यांच्यासह सिद्ध केलेले जातिजमातींविषयीचे चार खंड, दोन्ही १९१६ साली प्रसिद्ध झाली, ती सरकारी कामकाजाच्या ओघात आणि सरकारी खर्चाने. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. कलचुरी-चेदि संवताच्या लेखांचा त्यांचा खंड १९५५ मध्ये आणि वाकाटकांच्या लेखांचा १९६३ मध्ये पुरातत्त्व खात्याने छापला. ताम्रपटाचे एकेक अक्षर लावण्यास जो काळ लागतो तो त्यांना मिळाला, कारण दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार होत असे आणि सहामाही प्रगतीचा अहवाल कोणी मागत नसे. डॉ. वि. भि. कोलते यांचेही तसेच. महानुभाव पोथ्यांच्या पाठभेदांत आयुष्य वेचून, मध्ये नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपदही सांभाळून, त्यांनी सिद्ध केलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रकाशित केले. एवढा ग्रंथ खाजगी प्रकाशकाने आतबट्ट्याचा म्हणून परत पाठवला असता. आणि ज्यांना पगारही नव्हता आणि मंडळही नव्हते त्यांनी पदरमोड केली. वऱ्हाडचा आणि नागपूर प्रांताचा इतिहास लिहिणारे बुलढाण्याचे यादव माधव काळे हे पेशाने वकील होते.

या पिढीची स्तुती गाताना आपल्याकडे एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. ज्या पगारी नोकरीच्या सावलीत हे संशोधन वाढले ती नोकरी कोणाला मिळत असे? शेतमजुराचा, विणकराचा, गोवाऱ्याचा मुलगा मॉरिस कॉलेजात प्राध्यापक होऊन शिलालेख वाचील, हे त्या व्यवस्थेच्या स्वप्नातही नव्हते. तेव्हा पूर्वी विद्वान निःस्पृह होते आणि आता सारे फेलोशिपच्या मागे लागले आहेत, असे जे सभासंमेलनांतून ऐकू येते, त्यात निःस्पृहतेपेक्षा पहिल्या तारखेचा वाटा मोठा आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

अपवाद म्हणून एक नाव घेतलेच पाहिजे. वसंत मून हे नागपूरच्या वस्तीत वाढलेले, महसूल खात्यात नोकरी केलेले गृहस्थ. आंबेडकरांचे लेखन व भाषणे प्रकाशित करण्याचे काम राज्य शासनाने हाती घेतले तेव्हा त्यांना विशेष कार्य अधिकारी म्हणून नेमण्यात आले आणि १९७९ मध्ये पहिला खंड बाहेर पडला. जगभर आज आंबेडकरांवर जे काही लिहिले जाते त्याची तळटीप बहुधा या खंडांकडे बोट दाखवते. महाराष्ट्र शासनाने मानव्यविद्यांवर केलेल्या खर्चापैकी एवढा फळास आलेला दुसरा खर्च मला तरी आठवत नाही; आणि त्याच प्रकल्पाची छपाई पुढे इतकी रेंगाळली की २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला आपण होऊन तिची दखल घ्यावी लागली.

व्यक्तीच्या मर्जीवर किंवा नोकरीच्या योगायोगावर विसंबून न राहता सामाजिक शास्त्रांसाठी स्वतंत्र यंत्रणा असावी, हा विचार दिल्लीत पक्व झाला तो साठीच्या दशकात. व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक, दोघेही मराठी. त्यांतही गाडगिळांचे बालपण नागपुरात गेलेले. पुण्यातील गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था सुमारे तीन तपे चालवलेल्या गाडगिळांना गावोगाव फिरून माहिती गोळा करण्याचा खर्च काय असतो, गणकांना भत्ता कसा द्यावा लागतो, हे पुरते ठाऊक होते. पैसा सरकारचा, पण निवड अभ्यासकांची, हे परिषदेचे तत्त्व; ते किती पाळले गेले हा निराळा आणि अप्रिय विषय आहे. १९७२ मध्ये इतिहासासाठी आणि १९७७ मध्ये तत्त्वज्ञानासाठी अशाच परिषदा झाल्या. त्यांच्या अलीकडच्या जाहिरातींतील आकडे पाहिले, तर सामाजिक विज्ञान परिषदेची डॉक्टरेटची अधिछात्रवृत्ती दरमहा २०,००० रुपये, इतिहास परिषदेची १७,६००. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मात्र २०२३ पासून ३७,०००. एकाच विभागात, एकाच टेबलाशी बसून, एकाच गाईडच्या हाताखाली काम करणाऱ्या दोघांच्या प्राप्तीत जवळजवळ दुपटीचा फरक कोणत्या तर्काने पडतो, हे मला कधी उमगले नाही.

जेआरएफची परीक्षा १९८४ पासूनची. तिच्यापर्यंत न पोहोचणाऱ्यांसाठी २००५-०६ मध्ये अनुसूचित जाती-जमातींकरिता राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप आली, अल्पसंख्याकांकरिता २००९ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप आली, आणि त्या पाच-दहा वर्षांत आमच्या विभागांचा चेहरा बदलला. गोंदियाकडची, गडचिरोलीकडची, घरात पहिल्यांदाच पदवी पाहिलेली मुले तेंदूपत्त्याच्या मजुरीवर, वनहक्क दाव्यांवर, आपल्याच बोलीवर प्रबंध लिहू लागली. ही बाब किरकोळ नव्हे. मौलाना आझाद फेलोशिप, तिचे लाभार्थी इतर योजनांतही येतात या सबबीवर, २०२२ मध्ये बंद झाली. योजनांच्या रचनेतल्या विसंगतीही याच काळात दिसून आल्या. राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, उत्तीर्ण न होता संशोधन करणाऱ्यांना पीएच.डी.साठी दरमहा ८,००० रुपये देण्याची आयोगाची जी योजना होती ती केंद्रीय विद्यापीठांपुरती. त्यामुळे वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयातील विद्यार्थ्याला ती मिळे आणि नागपूर विद्यापीठातील त्याच्या सख्ख्या भावाला मिळत नसे. ऑक्टोबर २०१५ मध्ये तीही बंद करण्याचा ठराव झाला, दिल्लीत विद्यार्थी आयोगाच्या दारात ठाण मांडून बसले, आणि नागपूरचे विद्यार्थी जे आपल्याला कधीच मिळाले नाही ते वाचवण्याच्या चळवळीस पाठिंबा देत राहिले.

अध्यापकांसाठीच्या लहान प्रकल्पांविषयी लिहायचे, तर थोडे घरचे सांगावे लागेल. कोळशाच्या खाणीमुळे उठलेल्या गावांवर मी एक प्रकल्प केला होता. अनुदान देणाऱ्या संस्थेचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. पहिला हप्ता आला, पाहणी झाली, आणि उर्वरित रक्कम उपयोगिता प्रमाणपत्र सादर केल्यावर अदा होईल असे कळवण्यात आले. प्रमाणपत्रावर सनदी लेखापालाची सही हवी, सहीसाठी पावत्या हव्यात, आणि ज्या गावाला एसटी जात नाही तेथे काळीपिवळीने किंवा कोणाच्या मोटारसायकलवर बसून गेलेल्या माणसाने पावती आणावी कोठून? लेखा विभागातील एका सज्जन कारकुनाने सल्ला दिला, “सर, पुढल्या खेपेला ‘स्टेशनरी’ या शीर्षाखाली दाखवा, तिथे कोणी विचारत नाही.” पाच माणसांच्या मुलाखतींसाठी एवढा कागद कशाला लागला, असे खरोखरच कोणी विचारले नाही. बारनिशीतून टेबलावर, टेबलावरून त्रुटींसह परत, अशा फेऱ्या होऊन शेवटचा हप्ता आला तोवर अहवाल छापून झाला होता. मला त्याचे काही वाटले नाही. माझा पगार चालू होता.

तोच विलंब आज ज्याच्या वाट्याला येतो त्याचा पगार चालू नसतो, आणि सगळी मेख येथे आहे. राज्य शासनाने बार्टीमार्फत अनुसूचित जातींसाठी, २०१८ मध्ये स्थापन झालेल्या सारथीमार्फत मराठा-कुणबी समाजासाठी, आणि २०१९ मध्ये नागपुरात मुख्यालय ठेवून काढलेल्या महाज्योतीमार्फत इतर मागास व भटक्या-विमुक्त समाजांसाठी संशोधन अधिछात्रवृत्त्या सुरू केल्या. मनःपूर्वक दाद द्यावी अशीच ती तजवीज होती, कारण केंद्राच्या योजनांतून जे निसटत होते ते येथे सापडू लागले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये समान धोरणाच्या नावाखाली प्रत्येक संस्थेला दोनशे विद्यार्थ्यांची मर्यादा घालण्यात आली. निवडीसाठी २४ डिसेंबरला सामाईक परीक्षा घेतली, तो प्रश्नपत्रिका २०१९ च्या राज्य पात्रता परीक्षेचीच, म्हणजे सेटचीच, निघाली. १० जानेवारी २०२४ ला ती पुन्हा घेतली, तेव्हा प्रश्नपत्रिकांचे काही संच सीलबंद नसल्याची तक्रार करीत नागपूर-पुण्यातील परीक्षार्थी केंद्राबाहेर पडले. ज्यांची पीएच.डी.ची नोंदणी विद्यापीठाने प्रवेश परीक्षा (पेट), सिनॉप्सिस आणि संशोधन समिती या तिन्ही चाळण्यांतून पार करून आधीच मान्य केली होती, त्यांनाच पुन्हा चाळायचे, हा या प्रकरणाचा गाभा. नोंदणीच्या दिनांकापासून रक्कम द्या, ही मागणी घेऊन संशोधक जे वारंवार उपोषणास बसतात, ती मागणी वाढीव रकमेची नसून कामाचा आरंभ जेव्हा झाला तेव्हापासून तो झाला असे मानण्याची आहे. रक्कम थोडी असल्याने जेवढे नुकसान होते त्याहून ती अवेळी आल्याने अधिक होते. थोडी रक्कम मनुष्य आपल्या खर्चात बसवतो, पण दहा महिन्यांची थकबाकी एकदम हातात पडते तोवर त्याने क्लासेसमध्ये शिकवण्याची नोकरी धरलेली असते आणि गडचिरोलीच्या तेंदू हंगामात जे पाहायचे ते पाहायचे राहून गेलेले असते.

केंद्राच्या पातळीवर मधल्या काळात मोठ्या घोषणा झाल्या. २०१८ मध्ये इम्प्रेस नावाची ४१४ कोटींची, दीड हजार प्रकल्पांची योजना आली, तिचा भर धोरणाला उपयोगी पडेल अशा संशोधनावर. परदेशातील शिक्षणासाठी अनुसूचित जातींना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच वगळण्यात आले. हा नियम १९१३ साली बडोद्यात असता तर काय झाले असते, ते वाचकांनीच ठरवावे. आणि २०२३ च्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान कायद्यात मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे आहेत खरी, पण विज्ञान-तंत्रज्ञानाशी त्यांचा जेथे संबंध येतो तेवढ्यापुरतीच.

माझ्या शेजारच्या लेआऊटमध्ये खोली घेऊन राहणारा एक संशोधक बेसा-पिपळा याच विषयावर काम करीत आहे. ग्रामपंचायतीची आता नगरपंचायत झाली. मनीषनगरच्या फाटकापलीकडची जी जमीन एके काळी शेती होती तिच्यावर बंगले आणि इमारती आल्या. ती कोणी, कोणाला, कोणत्या भावाने विकली, विकणाऱ्या कुटुंबांचे पुढे काय झाले, आणि ज्यांच्या नावावर शेत नव्हते पण ज्यांचे पोट त्याच शेतावर होते ते मजूर कोठे गेले, असा त्याचा प्रश्न आहे. कोणत्याही योजनेच्या अग्रक्रमाच्या यादीत हा विषय बसत नाही, म्हणून अर्जात त्याने शीर्षकाला ‘शाश्वत नागरी विकास’ हे शब्द जोडले आणि तो मंजूर झाला. सातबारा आणि फेरफार यांच्या नोंदी तो तहसील कचेरीत बसून हाताने उतरवून घेतो, कारण छायाचित्र घेण्यास मनाई आहे. दुपारनंतर अभिलेखपाल दुसऱ्या कामाला गेला की तेवढ्यावर दिवस संपतो. १९९० पर्यंतचे फेरफार उतरवून झाले आहेत. खरी विक्री त्यानंतरची आहे, आणि त्याची अधिछात्रवृत्ती येत्या मार्चअखेर संपते.