बंदरावरचे कागद (भाग 9) : शिक्का गेला कुठं?

शेंगेनच्या 'मल्टिपल एंट्री'चा घोळ या आठवड्यात सोडवतो, असं मी मागच्या भागाच्या शेवटी लिहून बसलो होतो. तो घोळ आठवडाभर थांबेल, कारण मध्येच संगमनेरहून एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आलं आणि माझ्या आवडत्या दुखण्यावर त्यांनी नेमकं बोट ठेवलं.

पती-पत्नी दोघं ग्रुपबरोबर सिंगापूरला गेले. तिथून क्रूझनं पेनांग, मग फुकेत, परत सिंगापूर आणि विमानानं मुंबई. घरी आल्यावर नातवाला दाखवायला पासपोर्ट उघडला, तर आत मुंबईचेच दोन शिक्के. एक जातानाचा, एक येतानाचा. मधले दिवस कोरे. सरांचे प्रश्न दोन. मुलगी न्यू जर्सीला असते, तिच्याकडे जाण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा काढायचा आहे. अर्जात गेल्या पाच वर्षांत कुठले देश पाहिले ते विचारतात. तिथं थायलंड लिहावं का? आणि लिहिलं तर पुरावा काय दाखवायचा? तिसरा प्रश्न बाईंचा, पत्राच्या समासात वेगळ्या अक्षरात लिहिलेला: "एजंटानं काही गडबड तर केली नाही ना?"

बाई, एजंट निर्दोष आहे. निदान या बाबतीत तरी.

आधी सिंगापूरचं पाहू. तिथं 2022 पासून परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टवर शाईचा शिक्का मारत नाहीत. त्याऐवजी ई-पास मिळतो आणि तो ई-मेलनं येतो. कोणत्या ई-मेलवर? तर सिंगापूर प्रवेशासाठीचं 'एसजी अरायव्हल कार्ड' भरताना जो पत्ता दिला असेल त्यावर. ग्रुपचे फॉर्म बहुतेक वेळा टूरवाल्याच्या कार्यालयात बसून कोणीतरी पोरगा भरतो आणि सगळ्यांसाठी कार्यालयाचाच ई-मेल टाकतो. तेव्हा सर, तुमचा सिंगापूरचा 'शिक्का' त्याच्या इनबॉक्समध्ये पडलेला असणार. फोन करून मागवून घ्या. दोन सापडायला हवेत, कारण क्रूझवरून सिंगापूरला परत उतरणं म्हणजे त्या देशात नव्यानं प्रवेश करणं. त्यासाठी कार्ड पुन्हा भरावं लागतं आणि व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो. हाँगकाँगनं तर 2013 पासूनच शिक्का बंद करून हातात चिठोरी द्यायला सुरुवात केली. हॉटेलात पोचेपर्यंत निम्म्या लोकांची ती हरवलेली असते.

पेनांग आणि फुकेतची गोष्ट वेगळी आहे आणि खरी गंमत तिथंच आहे. विमानातून उतरलेला प्रवासी एकटा देशाच्या दारात उभा राहतो. क्रूझचा प्रवासी तसा उभा राहत नाही. त्याच्या वतीनं जहाज उभं राहतं. बंदराला लागण्याआधीच जहाजाच्या कार्यालयातून सगळ्या प्रवाशांची यादी त्या देशाच्या इमिग्रेशनकडे गेलेली असते: नाव, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर. अधिकारी यादी तपासतात, एखाद्या नावावर अडले तर तेवढ्या माणसाला बोलावतात आणि जहाजाला मोकळीक देतात. मग तुम्ही गळ्यातलं केबिनचं कार्ड यंत्राला दाखवून खाली उतरता. लग्नघरी वऱ्हाडाची बस आली की यजमान प्रत्येकाला 'आपण कोण' असं विचारत बसत नाही, वरबापाच्या शब्दावर सगळे मांडवात जातात. इथं वरबाप म्हणजे जहाज. संध्याकाळी आणलेली सगळी माणसं मोजून परत नेण्याची हमी त्याचीच.

ही रीत कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी काढलेली नाही. बंदरातली कागदपत्रं सुटसुटीत व्हावीत म्हणून 1965 साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. जाणकार त्याला 'फॅल' म्हणतात. प्रवाशांच्या यादीचा ठरलेला नमुना त्यातलाच. जहाज बंदरात 72 तासांपेक्षा कमी थांबणार असेल, तर क्रूझच्या प्रवाशांकडे शक्यतो व्हिसा मागू नये, अशीही शिफारस त्यात आहे. मात्र ती शिफारस आहे, नियम नव्हे. 'चार तासांसाठी तर उतरायचंय, व्हिसा कशाला' असं म्हणणारे माझ्या प्रत्येक ग्रुपमध्ये निघतात, म्हणून हे ठासून सांगतो. कोणाला सूट द्यायची ते प्रत्येक देश आपापलं ठरवतो आणि भारतीय पासपोर्टला ती सरसकट मिळत नाही.

मला या सगळ्यात भावतं ते हे की यादी शिक्क्यापेक्षा म्हातारी आहे. अमेरिकेनं 1819 मध्येच कायदा करून प्रत्येक जहाजाच्या कप्तानाला प्रवाशांची यादी बंदरात द्यायला लावली. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा उतरणाऱ्याकडे पासपोर्ट मागण्याची रीत अमेरिकेत नव्हती. कप्तानाची यादी हीच नोंद. पासपोर्टाचा जाच आला तो पहिल्या महायुद्धानं. आपल्याकडे हिंदुस्थानात येणाऱ्याला पासपोर्ट सक्तीचा करणारा कायदा 1920 चा. म्हणजे ज्या शिक्क्यासाठी सर हळहळतात, त्याचं सगळं वैभव जेमतेम शंभर वर्षांचं. क्रूझनं नवीन काही केलेलं नाही, ती जुन्या यादीवर परत गेली आहे.

जहाजाच्या यादीचा विषय निघाला की नगरकराला 'राजपुताना' आठवायलाच हवी. पी अँड ओ कंपनीची ही बोट 1931 च्या ऑगस्टअखेरीस युरोपला निघाली होती. गोलमेज परिषदेला चाललेले गांधीजी तिच्यावर होते हे शाळेत शिकवतात. त्याच बोटीवर आपल्या अरणगावच्या मेहेराबादचे आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा होते, हे मात्र दौंड रोडनं रोज जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. पश्चिमेकडचा त्यांचा हा पहिलाच प्रवास आणि 10 जुलै 1925 पासून त्यांचं मौन. मुळाक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून ते बोलत. दोघांची गाठभेटही त्या बोटीवर झाली. मार्सेच्या बंदरात गांधीजींनी जकातीच्या अधिकाऱ्याला आपली मालमत्ता मोजून सांगितली: सहा चरखे, तुरुंगातली भांडी, शेळीच्या दुधाचा डबा, काही पंचे. एक हिशेब देणारा, एक न बोलणारा, आणि दोघांची नावं एकाच जहाजाच्या यादीत. पुढं 1941 मध्ये पाणबुडीनं ही बोट बुडवली.

मेहेराबादमुळंच शिक्क्याची दुसरी बाजू नगरमध्ये बसून बघायला मिळते. 31 जानेवारीच्या अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, देशोदेशींचे लोक येतात आणि शहरातल्या लॉजवर उतरतात. परदेशी पाहुणा आला की 24 तासांच्या आत त्याच्या माहितीचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात भारतात आल्याची तारीख लागते. काउंटरवरचा माणूस पासपोर्ट घेतो, अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटतो, मलेशिया, दुबई, नेपाळ असे शिक्के मागं टाकतो आणि भारताचा सापडला की दिव्याखाली तिरका धरून तारीख लावतो. शाई फिकी असली की पाहुण्यालाच विचारतो. पासपोर्टवरच्या शिक्क्याचा खरा वाचक कोण, तर हा. वकिलातीतल्या अधिकाऱ्यापुढं निदान संगणक तरी असतो.

आता सरांचं उत्तर. थायलंड लिहा, मलेशियाही लिहा. अर्जात विचारतात ते तुम्ही कुठं गेलात हे, शिक्का कुठला आहे हे नव्हे. तुमचं नाव यादीतून त्या देशांच्या नोंदीत गेलेलंच आहे. पुरावा म्हणून क्रूझचं तिकीट, बंदरं आणि तारखा छापलेला कार्यक्रम आणि शेवटच्या रात्री केबिनच्या दाराखालून सरकवलेलं खर्चाचं बिल एवढं जपलं की पुष्कळ झालं. ते बिल लोक हमखास फेकतात. त्यावर नाव, जहाज आणि तारखा असतात, म्हणून मी ग्रुपकडून ते गोळा करून घेतो. हसतात मला.

शिक्का नसल्याची खरी अडचण एकाच वेळी होते: जहाज चुकलं तर. फुकेतला पुष्कळदा मोठं जहाज पातोंगसमोर समुद्रातच नांगर टाकतं आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. शेवटच्या बोटीची वेळ कार्यक्रमपत्रिकेवर ठळक छापलेली असते, तरीही कोणीतरी बाजारात घासाघीस करत राहतं. जहाज थांबत नाही. निघण्याआधी कर्मचारी केबिनची तिजोरी उघडून पासपोर्ट शोधतात आणि बंदरातल्या एजंटाकडे देऊन जातात. क्षणापूर्वी तुम्ही यादीतले पाहुणे होता, आता शिक्क्याविना परक्या देशात उभे असलेले परदेशी आहात. आधी इमिग्रेशनच्या कार्यालयात जाऊन प्रवेशाची नोंद नीट करून घ्यायची, मगच विमानतळ. आजारपणामुळं मध्येच उतरावं लागलं तरी हेच. म्हणून पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स खिशात हवी, आणि जहाजावरच्या कार्डाच्या मागं बंदरातल्या एजंटाचा नंबर लिहिलेला हवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

ज्यांना शिक्के हवेत त्यांचं हे झालं. नको असणारेही असतात. 2025 साली पुण्याच्या एका गृहस्थांना मुंबई विमानतळावर पकडलं. बँकॉकच्या वाऱ्या घरच्यांना कळू नयेत म्हणून त्यांनी पासपोर्टची पानंच फाडली होती. घरच्यांपासून लपवायला गेले आणि पेपरात छापून आलं. पासपोर्टमधल्या नोंदींशी खेळणं हा 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे. याच कारणासाठी हौसेचे शिक्केही पासपोर्टवर नकोत. माचू पिचूला, अर्जेंटिनाच्या टोकाला उशुआयात, अंटार्क्टिकाच्या पोर्ट लॉकरॉयला असे सुंदर शिक्के मारून मिळतात आणि क्रूझचे लोक रांगा लावतात. घ्या की, पण वहीत घ्या. एखाद्या देशाच्या अधिकाऱ्यानं 'हे काय चिकटवलंय' म्हणून पासपोर्टच नाकारला तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मुंबईहून गोवा, लक्षद्वीप करणाऱ्या क्रूझबद्दलही दोघा वाचकांनी विचारलंय. पासपोर्ट लागत नाही, आधार चालतं. पण लक्षद्वीपला उतरायला भारतीय नागरिकालाही प्रवेशाचा परवाना लागतो, 1967 च्या नियमांपासून. क्रूझ कंपनी तो परस्पर काढते, त्यामुळं लोकांना पत्ताही लागत नाही. बेटांवरचे आपले लोक आणि त्यांची मर्यादित जमीन-पाणी यांच्यासाठीचा हा नियम मला रास्त वाटतो.

युरोपचं पुढच्या वेळी नक्की. तिथंही 12 ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो टप्प्याटप्प्यानं सुरू झालाय, आणि क्रूझ तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला आली की काय होतं हा प्रश्न त्यामुळं आणखी रंगतदार झालाय.

जाता जाता कोपरगावच्या वाचकांना, कारण त्यांचं बुकिंग तोंडावर आहे: होय, सिअ‍ॅटलहून सुटून सिअ‍ॅटललाच परतणाऱ्या अलास्का क्रूझलाही कॅनडाचा व्हिसा लागेल. 1886 च्या एका अमेरिकी कायद्यामुळं परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून ते संध्याकाळी काही तासांसाठी व्हिक्टोरियाला लागतं. तुम्ही केबिनमध्येच बसून राहणार असलात तरी जहाजावर चढवतानाच तो व्हिसा मागतात. कायद्याची कथा मोठी आहे, ती सवडीनं सांगेन. तुम्ही अर्ज आजच भरायला घ्या.