घट, तेल आणि रिकामी जागा

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही आयुष्यभर घटाचं उदाहरण देत आलो. माती हे उपादान कारण, कुंभार हे निमित्त कारण. आज आपण ॲल्युमिनियमचा एक घट बघू या. छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये मापाने बनवून बसवलेली तेलाची टाकी.

गाडी घेऊ लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन यांनी ती १९५७ साली इंग्लंडमध्ये आणली. १९७३ पासून केटरहॅम ही कंपनी ती बनवते. वजन साधारण ५०० किलो, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षाही कमी. बॉनेट बुटकं आणि गाडी जमिनीला लगटून, त्यामुळे इंजिनाखाली तेलाच्या खोल चेंबरला जागाच नाही.

आता एसटीने घाट उतरताना बाटलीतलं पाणी आठवा. वळणावर ते एका बाजूला चढतं. चेंबरमधल्या तेलाचंही तेच होतं. वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला, की तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. पंपाचं तोंड उघडं पडतं आणि तेलाऐवजी हवा ओढली जाते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात तेलाचा फक्त एक पातळ थर असतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो, आणि काही सेकंदांत बेअरिंग जळतं.

यावर उपाय म्हणजे ड्राय सम्प. तेल इंजिनाखाली साठूच द्यायचं नाही. एक पंप ते खालून उपसून वेगळ्या टाकीत टाकतो, दुसरा टाकीच्या तळातून घेऊन बेअरिंगकडे दाबाने पाठवतो.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने इंग्लंडमध्ये आपल्या सेव्हनचं बेअरिंग असंच जाळलं. तिसरं इंजिन घेण्याची त्याची ऐपत नव्हती, म्हणून दुसरं जपायचं होतं. त्याने पुठ्ठ्याचा नमुना केला, इंजिनाशेजारच्या जागेत चपखल बसणारा एक चपटा डबा, आणि फोटो पाठवला. “सर, एक इंचही वाया नाही गेला!” आम्ही विचारलं, “अरे, पण टाकी कशासाठी?” तो म्हणाला, “तेल साठवायला.”

गफलत इथेच होती, बरं का. उपसणारा पंप तेलाबरोबर भरपूर हवाही ओढतो. ताक घुसळल्यावर येतो तसा फेस टाकीत येतो. टाकीचं खरं काम त्या तेलाला हवा सोडून द्यायला उसंत देणं, हे आहे. मग आकार आपोआप ठरत जातो. परातीतलं पाणी नेताना सांडतं, कळशीतलं सांडत नाही. म्हणून टाकी उंच आणि अरुंद. तेल वरून, भिंतीला लागून आत सोडायचं, म्हणजे ते गोल फिरत उतरतं आणि हवा मध्ये सुटते. आत भोकं पाडलेले आडवे पत्रे, म्हणजे तेल हिंदकळत नाही. पंपाकडे जाणारी वाट अगदी तळाशी. वर हवेला बाहेर पडायला ब्रीदर. आणि वरचा भाग मुद्दाम रिकामा.

त्याने बॅटरी मागे हलवली आणि उंच टाकीला जागा केली. पुन्हा पुठ्ठा, मग पत्रा. बॉनेट लावून बघितलं, स्टिअरिंगचा दांडा दोन्हीकडे फिरवून बघितला, सायलेन्सरच्या तापणाऱ्या पाइपापासून अंतर ठेवलं. टाकी रबरावर बसवली, नाहीतर थरथरीने वेल्डिंगला चिरा जातात. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप जाड, आखूड, तीव्र वळणं नसलेला. वेल्डिंगनंतर आतून नीट धुणं तर हवंच. धातूचा एक कीस राहिला तरी तो बेअरिंगपर्यंत पोहोचू शकतो. तेलाची पातळी बघायची ती इंजिन तापल्यावर. उभ्या गाडीत तेल हळूहळू इंजिनात उतरतं, आणि थंड टाकीत कमी दिसलं म्हणून भर घातली, तर नंतर तेल ब्रीदरमधून बाहेर येतं.

वेदान्तात घटाकाशाची चर्चा येते, घटाच्या आतल्या अवकाशाची. आम्ही ती शिकवायचो, पण त्या अवकाशाचा उपयोग काय, हे एका इंजिनाने इतकं स्वच्छ दाखवलं. त्याने सुरुवात केली ती ‘जागा किती आहे’ या प्रश्नाने. ‘काम काय आहे’ हा प्रश्न आधी विचारायचा असतो. जी जागा त्याला वाया गेलेली वाटत होती, तिच्यातच हवा सुटते, आणि इंजिन वाचतं.

आज इथे थांबू.