चॅटबॉटला आजोबांसारखं बोलता येईना, मग मी काय केलं?

मागच्या दिवाळीत घरच्यांसाठी दोन मिनिटांची एक ऑडिओ गोष्ट करत होतो. त्यात आमचे आजोबा बोलणार होते. ते आता नाहीत. चॅटबॉटला सांगितलं, 'साताऱ्याकडचे शेतकरी आजोबा उशिरा घरी आलेल्या नातवाला रागावतायत, संवाद लिही.' काही सेकंदांत उत्तर आलं: 'बाळा, तू वेळेवर यायला हवं होतंस. मला तुझी खूप काळजी वाटत होती.'

आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्यो कोण मास्तर?"

असं का होतं? चॅटबॉट आधीच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, ते बघत वाक्य जुळवतो. त्याने वाचलेलं मराठी बरंचसं बातम्या, लेख अशा प्रमाण भाषेतलं. त्यामुळे काही खास सांगितलं नाही, तर आजोबा, रिक्षावाला आणि कॉलेजची पोरगी, तिघंही एकाच सुरात बोलतात.

पात्राचा 'आवाज' म्हणजे नुसता जाड-बारीक आवाज नाही, तर शब्द निवडायची आणि वाक्य मांडायची सवय. 'स्टार वॉर्स'मधला योडा आठवा. 1980 च्या सिनेमात तो पहिल्यांदा दिसला. इंग्रजीत कर्ता आधी येतो. योडा बऱ्याचदा वाक्याचा शेवटचा भाग उचलून पुढे टाकतो. एवढ्यावर तो डोळे मिटूनही ओळखू येतो. मराठीत मात्र ही युक्ती चालत नाही. 'आलोय मी', 'खाल्लंस का तू' असं आपण रोजच बोलतो, त्यात कुणालाच नवल वाटणार नाही.

आपल्याकडच्या चाव्या वेगळ्या आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे तू, तुम्ही आणि आपण. कोण कुणाला काय म्हणतो, आणि रागात ते बदलतं का? दुसरी, क्रियापद. कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. त्या एका अक्षरात गाव कळतं. मग वाक्याच्या शेपटीला लागणारे 'ना', 'की', 'बरं का', 'व्हय'. आणि बोलीचे शब्द तर आहेतच: वऱ्हाडी 'काहून', मालवणी 'खय'.

पण इथेच गंडायला होतं. मी दुसऱ्यांदा चॅटबॉटला 'गावरान भाषेत लिही' म्हटलं, तर त्याने प्रत्येक ओळीत 'लई' आणि 'न्हाय' पेरले. आजोबा एकदम विनोदी सिनेमातले नोकर झाले! मला त्याचा खरंच राग आला. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा रत्नागिरीचा आहे, पण तो लक्षात राहतो तो नुसत्या बोलीमुळे नाही. कुठलीही गोष्ट सरळ न बोलता तिरकस बोलायची, ही त्याची खरी ओळख.

मग आजीलाच विचारलं, आजोबा कसे बोलायचे? तिच्या परवानगीने फोनवर रेकॉर्डिंग केलं. (आधी व्हॉइस टायपिंग वापरून बघितलं, पण माझ्या फोनने तिच्या 'व्हय'चं 'होय' करून टाकलं. म्हणून ऐकून हाताने लिहिलं.) तीन गोष्टी सापडल्या. राग आला की ते मला नावाने हाक न मारता 'पावणं' म्हणायचे. रागवायचे ते प्रश्न विचारून. आणि 'काळजी' हा शब्द त्यांच्या तोंडी कधीच नव्हता. जेवणाचं विचारलं की समजायचं.

आजीने सांगितलेली त्यांची आठ-दहा वाक्यं आणि हे तीन नियम चॅटबॉटला दिले. ते काय कधीच म्हणणार नाहीत, तेही सांगितलं. याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. तरी आलेल्या मजकुरातलं निम्मं मी खोडलं. नावं झाकून ओळी वाचल्या. कोण बोलतंय ते कळलं नाही, तर ओळ बाद. शेवटी हे उरलं:

"आलं का पावणं? भाकरी गार झाली. ती आता तुझ्यासाठी परत चुलीवर चढंल व्हय?"

आजीने हेडफोन लावून ऐकलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गार न्हाई म्हनायचं ते. निवली म्हनायचं."

तेवढी ओळ परत रेकॉर्ड केली.